डिस्चार्ज बुक म्हणजे ताम्रपट नव्हे

गेले पंधरा दिवस माजी सैनिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला, त्यात माझे साडूही आले. थोडक्यात असा: एकदा घरी आलात की मिलिटरी रेकॉर्डमधलं काही बदलत नाही, जुने कागद केव्हाच जाळलेत, रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहाल तर चौकशी लागून पेन्शन अडकेल, आता सगळं ‘स्पर्श’ या पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर आहे, आधार जोडा, नोंदी आपोआप सुधारतील, आणि सहा महिने उलटले असतील तर सैनिकांचं ट्रिब्युनलही (सशस्त्र दल न्यायाधिकरण) दारात उभं करणार नाही. शेवटी ‘सर्व जवान बांधवांपर्यंत पोहोचवा’ आणि खाली एक मोबाइल नंबर.

मी रिटायर्ड सुभेदार, ट्रेड क्लार्क. नोकरीतली काही वर्षं एका रेकॉर्ड ऑफिसात शीट रोल, म्हणजे जवानाच्या नोकरीच्या मूळ नोंदी, चाळण्यात गेली. आता पुण्याजवळ दिघीत राहतो आणि सकाळी फिरून आल्यावर कुणी दारात आलं तर अर्ज लिहून देतो. फी एक कप चहा. म्हणून हे उत्तर. मजकुरातली एक-दोन वाक्यं अर्धवट खरी आहेत, तेही सांगेन.

‘काही बदलत नाही’ म्हणणाऱ्याला नोंद राहते कुठे हेच ठाऊक नसावं. आपल्या ट्रंकेत असतं ते डिस्चार्ज बुक, म्हणजे उतारा. मूळ शीट रोल जवान घरी आला तरी रेकॉर्ड ऑफिसातच राहतो: मराठा लाइट इन्फंट्रीचा बेळगावला, तोफखान्याचा नाशिक रोडला, रणगाडेवाल्यांचा अहिल्यानगरला, सिग्नलचा जबलपूरला, बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे इंजिनीअर पलटणीचा, इथे खडकीत. लग्न, मूल, कोर्स, बढती, काहीही झालं की युनिट पार्ट टू ऑर्डर काढतं आणि ती पाहून रेकॉर्डचा क्लार्क शीट रोलमध्ये एक ओळ टाकतो. चूक झालेली असते ती या दोन्हींपैकी कुठेतरी. निवृत्तीनंतर ती दुरुस्त करायची ऑर्डर रेकॉर्ड ऑफिस स्वतः काढतं. पेन्शनवर परिणाम होणार असेल तर प्रकरण प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शनकडे, म्हणजे लष्करी पेन्शन मंजूर करणाऱ्या लेखा कार्यालयाकडे, जातं आणि तिथून कॉरिजेंडम पीपीओ निघतो. पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, कॉरिजेंडम म्हणजे शुद्धिपत्र. सरकारी दफ्तरात शुद्धिपत्राला वेगळं नाव आहे, म्हणजे शुद्धी होत असणारच की!

गेल्या पावसाळ्यात आमच्या लेनमधले एक हवालदार आले. वय एकोणऐंशी. बरोबर काकू. नावं मी बदलून सांगतो. काकू माहेरच्या हिरा. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं ‘सुनंदा’ लिहिलं गेलं आणि सासरी त्या सुनंदा झाल्या. साहेब रजा संपवून युनिटात परतले, तेव्हा क्लार्कनं विचारलं, ‘बीवी का नाम?’ गडबडीत यांच्या तोंडून निघालं, हिराबाई. झालं! रेशन कार्डावर सुनंदा, आधारवर सुनंदा, बँकेत सुनंदा आणि पीपीओवर हिराबाई. साहेबांनी डिस्चार्ज बुक पुढे केलं. पानाच्या कडा तंबाखूच्या रंगाच्या झालेल्या, निळी शाई फिकट जांभळी पडलेली. बायकोच्या नावापुढे जन्मतारखेच्या रकान्यात तारीखच नव्हती, नुसती एक आडवी रेघ.

ती रेघ नावाच्या घोळापेक्षा महाग पडते. वयाची ८० वर्षं पूर्ण झाली की पेन्शनवर २० टक्के वाढीव मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०. फॅमिली पेन्शनलाही हेच लागू आहे. साहेबांच्या मागे काकू ऐंशीच्या झाल्या तरी रेकॉर्डात तारीखच नसेल तर वाढ मोजणार कशी?

एका पानात अर्ज लिहिला. आर्मी नंबर, हुद्दा, भरती आणि डिस्चार्जची तारीख, पीपीओ नंबर. मग दोन रकाने: ‘नोंद काय आहे’ आणि ‘काय हवी’. पाल्हाळ नाही, ‘देशासाठी रक्त सांडलं’ वगैरे नाही. फाइल वाचणाऱ्याला ते नको असतं, मी वाचल्यात. सोबत काकूंचा शाळा सोडल्याचा दाखला, दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात, आधार, जोडीचा फोटो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची सही-शिक्का घेऊन स्पीड पोस्टनं पाठवलं. अर्ज परत आला! प्रतिज्ञापत्रात आर्मी नंबरचा एक आकडा गळाला होता. चूक माझी. उभी नोकरी दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली, त्याचं हे बक्षीस. दुसऱ्यांदा पाठवला, पाच महिने गेले, ऑर्डर आली.

आपल्याकडे नावांचा हा घोळ फार. ज्ञानेश्वरचं स्पेलिंग आपण डी-एन-वाय करतो. उत्तरेकडचा क्लार्क ऐकतो ग्यानेश्वर आणि जी-वाय लिहून मोकळा होतो. कुणाचं आडनावच गळतं आणि बापाचं नाव आडनावाच्या जागी बसतं. ही सगळी माणसं ‘आता काय बदलतंय’ म्हणून गप्प बसतात आणि निस्तरावं लागतं विधवेला. त्या फॉरवर्डचा मला राग येतो तो याचसाठी.

जाळलेल्या कागदांचं म्हणाल, तर या अफवेला बूड आहे. १९८७ च्या आर्मी रेग्युलेशन्सच्या परिच्छेद ५९५ प्रमाणे, पेन्शन न घेता बाहेर पडलेल्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करता येतात. पण लाँग रोल, म्हणजे नावांची नोंदवही, तेव्हाही ठेवतात. आणि पेन्शनर असाल तर हा २५ वर्षांचा नियम तुमच्यासाठी नाहीच. शंका असेल तर माहिती अधिकारात १० रुपये भरून स्वतःच्या शीट रोलची प्रमाणित प्रत मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी तर म्हणतो दुरुस्तीचा अर्ज करायच्या आधी हेच करा. तिथे नेमकं काय लिहिलंय हे न बघता अर्ज करणारे निम्मे.

अर्ज केला म्हणून पेन्शन अडकत नाही. अडकते ती नोव्हेंबरातला हयातीचा दाखला राहिला की. खोटा दाखला जोडलात तर मात्र तुमचं तुम्ही बघा.

आता ‘स्पर्श’. त्यावर मोबाइल नंबर, पत्ता, बँक बदलता येते, तक्रारही टाकता येते. पण हुद्दा, ग्रुप (ट्रेडची श्रेणी), क्वालिफाइंग सर्व्हिस (पेन्शनला धरली जाणारी नोकरी), जन्मतारीख हे स्पर्शला रेकॉर्डकडूनच मिळालेलं असतं. विहिरीचं पाणी खारं असेल तर नळ बदलून ते गोड होत नाही. आधार जोडल्यानं दोन कागदांतली तफावत दिसू लागते, एवढंच. शिवाय आधार म्हणजे वयाचा शेवटचा शब्द नव्हे. २०२४ साली एका अपघात भरपाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आधारवरची तारीख बाजूला ठेवून शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून वय धरलं.

आणि इथेच मजकुरातलं अर्धं सत्य. जवानाची स्वतःची जन्मतारीख, भरतीच्या वेळी जी लिहिली ती, बदलून घेणं खरंच महाकठीण. आपल्या गावाकडच्या गुरुजींनी जूनमध्ये शाळेत घालताना निम्म्या वर्गाला १ जूनला जन्माला घातलंय. त्यातला कुणी खरी तारीख आईच्या तोंडून ऐकून नोकरीच्या शेवटी उठला, तर त्याचं कुणी ऐकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या हरनाम सिंग निकालापासून कोर्टाचं म्हणणं तेच: इतकी वर्षं काय झोपला होता? आपल्या पुण्यातच जन्मलेल्या जनरल व्ही. के. सिंग यांचं काय झालं आठवा. शाळेच्या सर्टिफिकेटवर १९५१, एनडीएच्या फॉर्मवर १९५०. अ‍ॅडज्युटंट जनरलच्या शाखेत एक साल, मिलिटरी सेक्रेटरीच्या शाखेत दुसरं. खुद्द लष्करप्रमुख सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १० फेब्रुवारी २०१२ ला अर्ज मागे घेऊन परतले. तिथे आपली काय कथा! पण भरतीच्या कागदावर एक तारीख आणि पीपीओवर टायपिंगच्या चुकीनं दुसरी, असं असेल तर ते प्रकरण वेगळं. तिथे तुम्ही तारीख बदलून मागत नाही, रेकॉर्डातलीच तारीख छापा म्हणता.

राहिलं ट्रिब्युनल. २००७ च्या कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, खरं. ती मोजायची मात्र तुमच्या अर्जावर अंतिम उत्तर आल्यापासून. उत्तरच आलं नाही तर अर्ज दिल्यावर सहा महिने थांबून दाद मागता येते. म्हणजे आधी ऑफिसला लिहिल्याचा पुरावा लागतोच, आणि फॉरवर्ड सांगतो की लिहूच नका! शिवाय चुकीची पेन्शन ही दर महिन्याला नव्यानं होणारी चूक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली तर्सेम सिंग प्रकरणात मानलं. उशीर झाला तरी दार बंद होत नाही, फक्त थकबाकी साधारणपणे तीन वर्षांचीच मिळते. ट्रिब्युनलची खरी गरज पडते ती शिक्क्यावरून वाद असला की. दुखापतीपुढे ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (लढाईतली) हवं तिथे ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ (लढाईबाहेरची) पडलं, तर क्लार्क ते आपल्या अखत्यारीत बदलू शकत नाही. आणि या दोन शब्दांत पेन्शनचा मोठा फरक पडतो. अशा वेळी चांगला वकील करा, मुंबईच्या खंडपीठात जा. स्पेलिंगसाठी नको.

तो खालचा नंबर मी लावून पाहिला. पोरगा गोड बोलला. ‘साहेब, स्पर्शचा लॉगिन द्या, ओटीपी येईल तो सांगा, आठ दिवसांत नाव बदलून देतो.’ मी म्हटलं, बाळा, मी बॉम्बे सॅपर्सचा, माझा कागद कुठल्या ऑफिसला जाईल? तो म्हणाला, ‘दिल्लीला, आमचा माणूस आहे तिथे.’ माझ्या दिघीच्या घरून खडकी रिक्षानं वीस मिनिटांवर आहे.