मेणवलीचा वाडा आणि परदेशातल्या सह्या

वाईपासून तीनेक किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी, मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा उभा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं बांधकाम, एकामागून एक सहा चौक, सागवानी खांब, भिंतींवर रंगचित्रं, मागच्या बाजूला चंद्रकोरी घाट. घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधून आलेली. बाळ येशूला घेतलेली मेरी त्या घंटेवर अजून स्पष्ट दिसते.

हा वाडा खासगी मालकीचा आहे. तो टिकला, कारण पिढ्यानपिढ्या कुणीतरी त्याचं कुलूप उघडलं, झाडलोट केली, कौलं शाकारली. पुढे चित्रीकरणवाल्यांची वर्दळ सुरू झाली, तोही त्याला एक आधार झाला. वाईतल्या कितीतरी लहान वाड्यांच्या नशिबी एवढंही आलं नाही. तिथे आता पार्किंगवर तीन मजले उभे आहेत.

असा एखादा वाडा पडला की आमच्या परदेशस्थ मंडळींत हळहळ सुरू होते. ‘तिकडे बघा, दोनशे वर्षांची घरं कशी जपतात!’ मी इंग्लंडमधल्या एका छोट्या गावात राहतो आणि इथली व्यवस्था रोज बघतो. ती खरंच चांगली आहे. १९४७ च्या नगरनियोजन कायद्यापासून इथे जुन्या इमारतींची यादी होत आली आहे, आणि एकट्या इंग्लंडमध्ये त्यात आज जवळपास चार लाख नोंदी आहेत. त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक सर्वांत खालच्या, दुसऱ्या श्रेणीतल्या. राजवाडे थोडे, साधी राहती घरंच जास्त. अशा घराची जुनी खिडकी बदलायची तर आधी कौन्सिलची परवानगी लागते, आणि परवानगीशिवाय मोडतोड केली तर तो फौजदारी गुन्हा ठरतो.

पण हे शहाणपण इथे आपोआप आलेलं नाही. विसाव्या शतकात इथल्या शेकडो हवेल्या पाडल्या गेल्या. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने या विध्वंसावर प्रदर्शन भरवलं, तेव्हा लोक हादरले. आजही नवं घर बांधलं तर त्यावर व्हॅट शून्य आणि जुन्याच्या दुरुस्तीवर २० टक्के. यादीतल्या घरांच्या मंजूर फेरबदलांना असलेली सवलतही २०१२ मध्ये काढून घेतली. म्हणजे जपायचं सगळ्यांसाठी आणि खर्च मालकाचा. ही तक्रार मी इथे शेजाऱ्यांकडून ऐकतो आणि वाईला गेलो की तिथेही ऐकतो.

महाराष्ट्रातला वाद मात्र वेगळ्याच ठिकाणी अडतो. आपल्याला जुनं घर दिसलं की त्याचं स्मारक करावंसं वाटतं. पुण्याचा भिडे वाडा घ्या. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी तिथे मुलींची शाळा सुरू केली. तिथे स्मारक व्हायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण भाडेकरूंशी खटला वर्षानुवर्षं चालला, तोवर वाडा खचत गेला, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडावा लागला. ज्या भिंतींनी ती शाळा पाहिली, त्या भिंती गेल्या. मला याचं फार वाईट वाटतं.

याउलट लंडनमधलं १० किंग हेन्रीज रोड. विद्यार्थी असताना बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं. राहतं घर संग्रहालय करायला कॅम्डेन कौन्सिलने परवानगी नाकारली, सार्वजनिक चौकशी झाली, आणि मार्च २०२० मध्ये इथल्या सरकारने परवानगी दिली. घर जसंच्या तसं राहिलं. आज तिथल्या जिन्यावरून वर जाताना माझ्यासारख्या मराठी माणसाच्या अंगावर काटा येतो.

पण प्रत्येक गावातल्या प्रत्येक वाड्यात बाबासाहेब राहिलेले नसतात. वाईच्या एखाद्या आळीतल्या वाड्याचं स्मारक कुणी करणार नाही, आणि करूही नये. तिथे माणसं राहायला हवीत. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी अगदी साध्या आहेत: चुन्यात काम करणारा गवंडी, कडीपाटाची वाळवी वेळीच ओळखणारा सुतार, घरपट्टीत थोडी सूट. पांढऱ्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते आणि भिंत पोखरली जाते. हे इंग्लंडनेही नुकसान सोसूनच शिकलं. कवी आणि कारागीर विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये स्थापन केलेली, प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठीची संस्था आज कारागिरांना प्रशिक्षण देते. मुंबईला वारसा नियमावली १९९५ मध्येच मिळाली. लहान नगरपालिकेच्या दारी मात्र जुनं घर पोचतं ते बहुधा ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस निघताना.

आणि आता आमच्याबद्दल, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांबद्दल. वाड्याचा उतारा काढून बघा. आजोबांच्या नावाखाली मुलगे, मुली, नातवंडं, कुणी न्यू जर्सीत, कुणी सिडनीत. दुरुस्तीचं कर्ज काढायचं, नकाशा मंजूर करून घ्यायचा, एखादी खोली भाड्याने द्यायची, तर सगळ्यांच्या सह्या लागतात. गावात राहणारा चुलतभाऊ फोन करत राहतो आणि आम्ही ‘पुढच्या सुट्टीत बघू’ म्हणतो. तोवर दोन पावसाळे जातात, आढं खचतं आणि बिल्डर दारात येतो. सगळ्यांचा हिस्सा एकरकमी मिटवायची तयारी फक्त त्याचीच असते. त्या चुलतभावाला दोष द्यायचा आम्हाला काही अधिकार नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे, की वाड्याचे फोटो एकमेकांना पाठवण्याआधी आपलं नाव कुठे अडकलंय ते प्रत्येकाने तपासावं. ज्याला त्या घराशी कर्तव्य नाही, त्याने राखणाऱ्याच्या नावे रीतसर हक्कसोडपत्र करून द्यावं. ज्याला आहे, त्याने भारतीय वकिलातीतून साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र गावी पाठवावं आणि दर वैशाखात शाकारणीच्या खर्चातला आपला वाटा न मागता द्यावा.