दारूचं बंड म्हणे!

आज मंडळाची सहल पिट्सबर्गजवळच्या साउथ पार्कात होती. तिथल्या ऑलिव्हर मिलर होमस्टेडमध्ये गाईडबाई १७९४चं व्हिस्की बंड, म्हणजे व्हिस्कीवरच्या कराविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी केलेलं, समजावून सांगत होत्या, इतक्यात आपल्यातलेच एक गृहस्थ मागून म्हणाले, "थोडक्यात काय, फुकट ढोसायला मिळावी म्हणून मारामारी!" सगळे खो-खो हसले. घरी येऊन कुकर लावला तरी माझ्या डोक्यातून ते जाईना, म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे. कंटाळा असेल त्यांनी फोटो बघून पुढे व्हा. आणि त्या गृहस्थांना टॅग करू नका, प्लीज.

त्या काळी इथून फिलाडेल्फियाला जायचं म्हणजे मध्ये ॲलेगेनीचे डोंगर आणि तीनशे मैलांहून जास्त वाट. एका तट्टूवर राय हे धान्य लादलं तर जेमतेम चार बुशेल (धान्याचं तिथलं माप) जायचं. त्याचीच दारू गाळली की चोवीस बुशेलांचा माल त्याच तट्टूवर बसायचा. खाली मिसिसिपी नदीतून न्यावा, तर ती स्पेनने बंद केलेली. मग धान्य कुजवायचं की भट्टी लावायची? नाणं तर कुणाच्या हाती पडतच नव्हतं. मजुरी व्हिस्कीत, दुकानातली उधारी व्हिस्कीत. तिथली चलनी नोटच ती.

आणि मार्च १७९१मध्ये अमेरिकेचा अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याने कर लावला तो नेमका तिच्यावर, आणि मागितला रोख.

मला हे ऐकताना आजी आठवत होती. देवगडकडचं आमचं गाव. खोती होती तोवर खोताला, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराला, अर्धेलीने भात घालायचं. खोती गेली, शेतसारा थेट सरकारचा झाला, रक्कमही फार नव्हती. पण पैसे हवेत! घरात भाताने भरलेली कणगी, परड्यात नारळ, गोठ्यात म्हैस, आणि डब्यात चार आणे नाहीत. कोतवाल दारात आला की आजी म्हणायची, "व्हया तेवढा भात घेवन जावा, पैशे खयसून हाडू?" मग झोडणी झाल्या झाल्या, भाव सगळ्यात पडलेला असताना, वाणी म्हणेल त्या दराने भात विकायचं. आणि आषाढात त्याच वाण्याकडून दीडपट भावाने परत आणायचं. माझी आजी गरीब नव्हती हो. तिच्याकडे फक्त पैसे नव्हते. पगार महिन्याच्या महिन्याला खात्यात पडणाऱ्या माणसाला हा फरक सांगून कळत नाही.

खोत चांगला होता असं कुणी वाचू नका. तो काय होता हे कोकणाला माहीत आहे.

तर कर. लहान भट्टीवाल्याला पर्याय असा, की भट्टीच्या क्षमतेवर गॅलनमागे वर्षाला ६० सेंट भर, नाहीतर गाळलेल्या दर गॅलनला ९ सेंट. मोठा कारखानदार वर्षभर भट्टी पेटती ठेवणार, त्याला क्षमतेवरचा कर गॅलनमागे किरकोळ पडणार. आमच्यासारखा शेतकरी सुगीनंतर दोन-तीन महिने गाळणार, त्याच्या गॅलनवर बोजा जास्त. शिवाय पूर्वेकडे व्हिस्कीचा भाव इथल्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे तोच कर इकडे दुप्पट टोचणार. आणि इकडचा वसुली अधिकारी कोण? जॉन नेव्हिल. स्वतः बडा जमीनदार, स्वतःच्या भट्ट्या असलेला!

हा पैसा चालला होता कुठे, तेही ऐका. स्वातंत्र्ययुद्धात सैनिकांना पगाराच्या जागी पुढे पैसे देण्याच्या हमीचे कागद दिले होते. पोट भरायला त्यांनी ते मातीमोल भावात विकले, शहरातल्या सटोडियांनी उचलले. हॅमिल्टनने ठरवलं, आता ज्याच्या हातात कागद त्याला पूर्ण रक्कम आणि व्याज. म्हणजे लढला एक, कागद विकून बसला तोच, आणि ज्याने तो स्वस्तात घेतला त्याचं व्याज भरायचं तेही यानेच. चिडणार नाही तर काय करणार?

हो, नव्या देशाला कर्ज फेडायचं होतं. हो, वसुली अधिकाऱ्याला डांबर आणि पिसं फासणं, नेव्हिलचं घर जाळणं हे वाईटच. आणि ही माणसं बसली होती ती जमीनही मूळची दुसऱ्यांची. मान्य, मान्य.

पण विल्यम मिलर बघा ना. याच मिलर घराण्यातला. जुलै महिना, कापणीची घाई, आणि दारात मार्शल, म्हणजे कोर्टाचा अधिकारी, समन्स घेऊन उभा. फिलाडेल्फियाच्या कोर्टात हजर हो, २५० डॉलर दंडाची टांगती तलवार. एवढी रोकड त्याने कुठून आणायची? आजी कोतवालाला जे विचारायची तेच. तिच्या दारात निदान बंदूक नव्हती. इथे १५ जुलैला गोळी सुटली आणि पुढचं सगळं पेटलं.

दक्षिणेला, आजच्या पूर्व टेनेसीत, अशाच लोकांनी फ्रँकलिन नावाचं राज्य काढलं होतं. त्यांनी १७८५मध्ये कायदाच केला, की कर कातड्यांत भरा, मेणात भरा, व्हिस्कीत भरा. टिकलं नाही ते राज्य, चारेक वर्षांत आटोपलं. पण माणसाकडे जे आहे ते घ्यावं एवढी अक्कल त्यांना होती.

इकडे जॉर्ज वॉशिंग्टनने सुमारे तेरा हजारांचं सैन्य पाठवलं, काही वाट स्वतः बरोबर आला. देशद्रोहाची शिक्षा झाली दोघांना, त्यांनाही पुढे त्यानेच माफी दिली. आणि गंमत ऐका, त्या सैन्याने इथल्या शेतकऱ्यांकडून व्हिस्की विकत घेतली, रोख पैसे मोजून! तेव्हा कुठे लोकांच्या हाती कर भरण्यापुरतं नाणं खुळखुळलं. आमच्याकडे ते काम आजोबांची मनीऑर्डर करायची. लालबागेत गिरणीत राबायचे, पोस्टमन आला की आजी आधी साऱ्याचे बाजूला काढायची, मग मीठ-रॉकेल. आजोबांना एका वर्षी गिरणीत दुखापत झाली, मनीऑर्डर आली नाही. त्या वर्षी म्हैस विकली. कर शेतीवर होता म्हणे. भरला गिरणीने आणि म्हशीने.

इथला कर १८०२मध्ये, जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना, रद्द झाला. तोवर केंटकीला निघून जायच्या बेतात असलेला मिलर इतिहासात अडकून बसला होता.

कोकणातल्या मंडळींना एक विचारते. खोती गेल्यानंतरच्या वर्षांतल्या साऱ्याच्या पावत्या कुणाच्या घरी आहेत का? आमच्या वाळवीने खाल्ल्या. असतील तर तारीख दिसेल असे फोटो टाका. मला बघायचंय, झोडणीच्या महिन्यातल्या किती निघतात आणि शिमग्याला चाकरमानी घरी आल्यानंतरच्या किती.