फुटपाथ किती फूट?

सांगलीकराला मध्यरात्री हलवून विचारा, ‘आयर्विन पुलापाशी कृष्णेला पाणी किती?’ तो डोळे न उघडता उत्तर देईल, आणि तेही फुटांत. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. पण त्याच माणसाला विचारा, ‘तुमच्या दारासमोरचा फुटपाथ किती फूट?’ तो खडबडून उठून बसेल आणि म्हणेल, ‘फुटपाथ आहे?’

मी पायी हिंडणारा माणूस. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक गाडी थांबवून काळजीनं विचारतात, ‘काय ओ, गाडी बिघडली का?’ खरं तर गाव ताटासारखं सपाट. साताऱ्यात निदान चढाची सबब सांगता येते. आमच्याकडे चढ लागतो तो फक्त फुटपाथवर चढताना.

हा चढ येतो कुठून? इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठी १०३ क्रमांकाची नियमावली आहे. तिच्याप्रमाणे फुटपाथची कड जास्तीत जास्त १५० मिलिमीटर, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. पण आपल्याकडे फुटपाथ म्हणजे बहुतेकदा गटाराचं झाकण. त्याची उंची गटाराची भिंत ठरवते, माणसाचा गुडघा नव्हे. त्यातून २००५ आणि २०१९ च्या महापुराचं पाणी ज्या दुकानदाराच्या गल्ल्यापर्यंत येऊन गेलं, त्यानं जोतं उंच केलं तर त्याला कोण नावं ठेवणार? फक्त जोत्याच्या पायऱ्या फुटपाथवर उतरतात आणि गाडी आत घ्यायचा उतार रस्त्यावर. उताराचं गणित १ ला १२. फूटभर उंचीला बारा फूट लांबी हवी. एवढी जागा कुणाकडे? मग दोन फुटांत उरकतात. त्याला उतार म्हणत नाहीत, घसरगुंडी म्हणतात. दर दुकानाला एक असल्यामुळे फुटपाथवरून सरळ चालणं जमतच नाही, वर-खाली, वर-खाली. सिंहगडावर जायची तयारी घरबसल्या होते.

नियमावलीत फुटपाथचे तीन पट्टे असतात. दुकानाला लागून एक, काचेत बघत उभं राहणाऱ्यांचा. मधला चालायचा. रस्त्याकडचा झाडं, दिव्याचे खांब, डीपी म्हणजे विजेची पेटी आणि बाकांचा. मधला पट्टा कमीत कमी १.८ मीटर, म्हणजे साधारण सहा फूट, मोकळा हवा; चाकाच्या दोन खुर्च्या समोरासमोरून जाव्यात एवढा. बाजारपेठेत अडीच मीटर. आणि डोक्यावर २.२ मीटर काही लोंबकळता कामा नये. आपल्याकडे तिन्ही पट्टे आहेत, नाही असं नाही. फक्त एकावर एक रचलेले. मधल्या पट्ट्यात डीपी, डीपीला टेकलेली मोटारसायकल, मोटारसायकलवर वाळत घातलेलं फडकं आणि डोक्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स.

उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक. पावसाळ्यात कोरडा दिसणारा ब्लॉक सर्वांत धोक्याचा. पाय पडला की एका बाजूनं खाली जातो आणि दुसऱ्या बाजूनं लेंग्यावर पिचकारी. ब्लॉक बिचारा निर्दोष असतो. ६० मिलिमीटरचा ब्लॉक, खाली २५ ते ४० मिलिमीटर वाळूचा थर, त्याखाली दाबून बसवलेली खडी, फटीत बारीक वाळू आणि कडेला घट्ट कर्ब, एवढं केलं की तो वर्षानुवर्षं हलत नाही. पण पाइप टाकायला कुणीतरी चर खणतं, माती तशीच ढकलतं, धुमस न मारता वर ब्लॉक मांडतं, आणि उरलेले चार ब्लॉक पलीकडच्या चहाच्या गाड्याची बैठक होतात. एक कड सुटली की शेजारी सुटतो, मग त्याचा शेजारी. एकत्र कुटुंबासारखंच असतं ते.

आता शंभर फुटी रस्ता. शंभर फूट म्हणजे साडेतीस मीटर. हिशेबाला माणसाची चाल सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत २५ सेकंद. गुडघे दुखणाऱ्या आजी ०.८ नं चालतात, त्यांना ३८. तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून मधे दुभाजकात निदान १.२ मीटर रुंद थांबा हवा. आपला दुभाजक एवढा बारीक, की त्यावर आजी मावतात, पिशवी मावत नाही. याला सोपा उपाय आहे. क्रॉसिंगच फुटपाथच्या पातळीला उचलायचं. मग माणूस उतरत नाही, गाडी चढते, आणि चढताना आपसूक हळू होते.

हे व्यापाऱ्यांना सांगावं तर त्यांचा जीव पार्किंगमध्ये. ‘गाडी लावायला जागा नसली तर गिऱ्हाईक येणार कसं?’ ब्रिस्टल आणि ग्राझ या शहरांत दुकानदारांना विचारलं होतं, तुमची किती गिऱ्हाइकं गाडीनं येतात? त्यांनी सांगितलेला आकडा प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त निघाला. मला यात नवल वाटत नाही. दुकानदाराला दिवसभर समोर गाडी दिसते. ती त्याचीच असते. सकाळी दहाला लावलेली, रात्री आठला हलणारी. पाच बाय अडीच मीटर, साडेबारा चौरस मीटर मोक्याची जागा, आणि दहा तासांत तिथून एक रुपयाची विक्री नाही. तेवढ्यात सहा दुचाक्या बसतात. माणसं किती, ते गणपतीत मोजा.

कोपनहेगननं १९६२ मध्ये मुख्य बाजाराचा रस्ता गाड्यांना बंद केला, तेव्हा तिथल्याही व्यापाऱ्यांना धंदा बुडेल असं वाटलं होतं. साठ वर्षं झाली, रस्ता अजून पायीच आहे आणि दुकानं उघडी आहेत. तेही डेन्मार्कच्या थंडीत. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यानं ११ डिसेंबर २०२१ ला एक दिवस करून पाहिलं. गाड्या बंद झाल्या तरी दुकानं चालतात, याचं कारण साधं आहे. चाळीसच्या वेगानं जाणाऱ्याला दुकानाची पाटीसुद्धा धड वाचता येत नाही. पायी जाणाऱ्याला आत टांगलेली साडी, तिची किंमत आणि ती बघणारी शेजारीण, तिन्ही दिसतात. आमच्या कापड पेठेत अस्तर आणायला गेलेला माणूस पायी परतला, तर पिशवीत अस्तर, पाव किलो भडंग आणि हळद असते. गाडीवर परतला तर फक्त अस्तर.

मग दुचाक्या फुटपाथवर चढू नयेत म्हणून लोखंडी खांब रोवतात. इथे गंमत आहे. चाकाच्या खुर्चीला ९० सेंटिमीटर तरी फट ठेवावीच लागते, आणि मोटारसायकलचं हँडल त्याहून अरुंद. खुर्ची गेली की पाठोपाठ मोटारसायकल. खांब तिला अडवू शकत नाही. अडवते ती फक्त मधोमध पाटी मांडून बसलेली भाजीवाली मावशी. दुचाकीवाला हॉर्न वाजवून वाजवून दमतो आणि खाली उतरतो. मीही अडतो म्हणा, पण कोथिंबिरीची जुडी घेऊन पुढे सरकतो.