४२०० वर्षांपूर्वी ‘सगळा भारत’ कोरडा पडला होता का?

“४२०० वर्षांपूर्वी भारतात सलग २०० वर्षं पाऊस पडला नाही आणि त्यात सिंधू संस्कृती नष्ट झाली. शास्त्रज्ञांनी त्या काळाला मेघालयन असं नावही दिलंय.” हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हापुन्हा येतो. यातलं नाव खरं आहे. ४२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या आणि आजही चालू असलेल्या कालखंडाला ते २०१८ साली अधिकृतपणे मिळालं. त्यासाठी प्रमाण मानला गेला मेघालयातल्या मॉम्लू गुहेतला चुनखडीचा एक स्तंभ. बाकी मजकूर एकेक तुकडा घेऊन पाहू.

“सलग २०० वर्षं पाऊस नाही.” असा स्तंभ गुहेच्या छतातून टपकणाऱ्या पाण्यावरच वाढतो. पाऊसच थांबला असता तर त्या काळाचे थर त्यात साचलेच नसते. थरांमधल्या ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण बदललेलं दिसतं, ते मान्सूनचा जोर ओसरल्यामुळे. उत्तराखंडातल्या धरमजली गुहेतही ४२०० ते ३९७० वर्षांपूर्वी पाऊसमान घटल्याची नोंद आहे, मान्सूनच्या आणि हिवाळी अशा दोन्ही पावसांची. गहू-जवावर जगणाऱ्या सिंधूकाठच्या लोकांना हिवाळी पावसाची घट फार जड गेली असणार. पण त्या काळातही २५ ते ९० वर्षांचे तीन वेगवेगळे दुष्काळ दिसतात, आणि मध्ये सावरायला उसंत मिळालेली आहे.

“भारतात.” माझा खरा आक्षेप या एका शब्दाला आहे. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि माणदेशात जेमतेम पाचशे. मग अख्ख्या देशाचा इतिहास एका गुहेवरून कसा सांगायचा? राजस्थानातलं लूणकरणसरचं सरोवर ५००० हून अधिक वर्षांपूर्वीच आटलं होतं, म्हणजे मोहेंजोदडोच्या भरभराटीच्या कितीतरी आधी. हरियाणातल्या कोटला दहर तळ्यातले गोगलगायींचे शंख तपासले, तर मान्सून एकाएकी कमजोर झाल्याची खूण सुमारे ४१०० वर्षांपूर्वीची निघाली.

आणि आपलं बुलढाण्याचं लोणार? तिथल्या गाळात गेलुसाइट या खनिजाचे स्फटिक सापडले. सरोवर आटत जाऊन पाणी अतिशय खारं झालं की ते तयार होतात. त्यावरून तिथला दीर्घ कोरडा काळ सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा ठरतो. लोणारचं पाणी ओसरू लागलं तेव्हा तिकडे सिंधूकाठी नगरं नुकती आकाराला येत होती! पाऊस कमी झाला हे सगळीकडे खरं, पण प्रत्येक ठिकाणी वेगळ्या वेळी आणि वेगळ्या प्रमाणात.

“नष्ट झाली.” मोहेंजोदडोसारखी मोठी नगरं ओस पडली, हे मान्य. माणसं मात्र हलली, आणि त्यांच्याबरोबर पिकंही बदलली. हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात लहान लहान गावांची संख्या वाढली. सौराष्ट्रात रोजडीसारखी वस्ती पावसाळी भरडधान्यांच्या आधाराने टिकली. आपल्याकडे प्रवरेकाठी दायमाबादला उत्तर-हडप्पा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या उतरत्या काळाचा थर सापडला आहे. ही सगळी धडपड ‘नष्ट’ या एका शब्दात पुसली जाते, याचं मला वाईट वाटतं.

दुष्काळ म्हणजे संस्कृतीचा अंत, हे समीकरण तर लोणारलाच लावून बघा. तिथल्या गाळात दुसरा दीर्घ कोरडा काळही आहे, सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. त्याच शतकांत वाकाटकांच्या काळात अजिंठ्याची चित्रं रंगली, राष्ट्रकूटांनी वेरूळचं कैलास लेणं खोदलं आणि यादवांच्या राज्यात बारवा बांधल्या गेल्या. त्यातल्या कितीतरी आजही गावोगाव उभ्या आहेत.