साय नसलेलं दूध

प्रथिनं भारी चिकट असतात. नळीच्या भिंतीला चिकटतात, मण्यांना चिकटतात. फक्त आपल्याला हवं त्याच प्रथिनाला चिकटायचं म्हटलं की त्यांचा मूड नसतो.

दोन प्रथिनं एकमेकांना चिकटतात का, हे बघायची आमच्या लॅबची पद्धत पुल-डाऊन. एका प्रथिनाला जीएसटीचं (कर नव्हे, ग्लुटाथिऑन एस-ट्रान्सफरेज नावाचं प्रथिन) शेपूट जोडायचं. हे जीएसटी मूळचं एका चपट्या कृमीचं. १९८८ पासून जगभरचे संशोधक त्या जंताच्या जिवावर पीएचडी करतायत. शेपूट ग्लुटाथिऑन हा छोटा रेणू लावलेल्या बारीक मण्यांना घट्ट धरतं. मग दुसरं प्रथिन ओतायचं, चार अंशांवर फिरवत ठेवायचं, धुवायचं आणि काय टिकलं ते बघायचं. कमी धुतलं तर सगळंच टिकतं, जास्त धुतलं तर काहीच नाही. नेमकं किती धुवायचं? मॅडम म्हणतात, "येतो हळूहळू अंदाज." शेजारी तुलनेसाठी नुसत्या जीएसटीची कंट्रोल नळी असते. तिच्यात पट्टी, म्हणजे दुसरं प्रथिन चिकटल्याची खूण, दिसता कामा नये. सगळ्यात झकास पट्टी तिच्यातच येते.

बरं, पट्टी दिसायची तर ब्लॉट करायचा, म्हणजे प्रथिनं मेम्ब्रेन नावाच्या पातळ पापुद्र्यावर उतरवायची आणि हवं ते प्रथिन त्याला धरणाऱ्या अँटिबॉडीनं शोधायचं. मेम्ब्रेनवरची रिकामी जागा आधी झाकली नाही तर अँटिबॉडी वाटेल तिथं बसते आणि फोटो काळाकुट्ट. झाकायला पाच टक्के स्किम मिल्क पावडर लागते. लॅबमधली नेमकी संपली. गंगावेशीत समोर म्हशीची धार काढून फेसाळ ग्लास हातात देणाऱ्या कोल्हापुरात मी बिनसायीचं दूध मागत हिंडलो.

"आजारी हाय काय कोण घरात?" दुकानदार.

"नाही, प्रोटीनसाठी पाहिजे."

"मग कट्ट्यावर जावा की! तालमीतली पोरं तेच पित्यात."

काय बोलणार? त्याचं काहीच चुकत नव्हतं.

पावडर घेऊन आलो तर सीनियर म्हणाली, फॉस्फेट लागलेलं प्रथिन शोधत असशील तर दूध चालणार नाही, त्यातल्या केसीन या प्रथिनावरच फॉस्फेट असतं. बीएसए घे. म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन. एकूण गोठा काही सुटत नाही.

श्रीमंत लॅबना हे धुणं-भांडी नको असतं. सोन्याच्या सुमारे ५० नॅनोमीटरच्या थरावर एक प्रथिन बसवायचं, वरून दुसरं सोडायचं. प्रकाशाचा कोन सरकतो त्यावरून चिकटणं-सुटणं सेकंदासेकंदाला दिसतं. त्या यंत्राची किंमत ऐकली आणि गुजरीतलं सोनं स्वस्त वाटायला लागलं.

शेवटी एकदाची पट्टी आली. कंट्रोल कोरा! मी मॅडमकडे पळालो.

"छान," त्या म्हणाल्या. "पण हे नळीत झालं. पेशीत ही दोघं भेटतात तरी का?"

संध्याकाळी शोधलं. एक राहतं केंद्रकात, दुसरं मायटोकॉन्ड्रियात.