पावसाळी वेळापत्रक कुठे गेलं?

‘एआयला विचारा, मिनिटभरात अख्खी सहल आखून मिळते, वेळापत्रक चाळायची गरजच उरली नाही’ हे लेखातलं वाक्य वाचून हसू आलं. लेखकाने एकदा पावसाळ्यात कोकणात जाऊन दाखवावं! कोकण रेल्वेचं पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक असतं. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. दरडींच्या धोक्यामुळे गाड्या हळू चालवतात, म्हणून वेळा बदलतात. ऑगस्टमधल्या सावंतवाडी प्रवासाचं विचारलं तर चॅटबॉटने मला उन्हाळ्यातली वेळ दिली, तीही अगदी छातीठोकपणे. वर त्याच वेळेला धरून पुढे आंबोलीला जायचंही जुळवून दिलं.

आणि आखणी झाली तरी सीटचं काय? गणपतीतली आरक्षणं ६० दिवस आधी उघडतात आणि बघता बघता वेटिंग लागतं. तिथे चॅटबॉट काय करणार? त्यापेक्षा १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार सक्तीचं झालं, पहिली ३० मिनिटं एजंटांना बंदी आली, हा आमच्यासारख्यांसाठी खरा बदल. लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही.