तळटीप छाटली, टक्केवारी मोजली, निबंध वाचला कुणी?

इतिहासाच्या विद्यापीठीय जर्नलला निबंध पाठवायचा म्हणजे आधी त्यांचा ऑनलाइन फॉर्म भरायचा. हा फॉर्म ज्याने तयार केला त्याला एकदा समोर बसवून विचारायचंय, की बाबा रे, ‘नमुन्याचा आकार’ या रकान्यात मी काय लिहू? एका दिवाणी तंट्याचे जुने कागद वाचून मी निबंध लिहिलाय. तंटा एकच आहे. रकाना रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडत नाही, आणि ‘1’ लिहिलं तर लाल अक्षरात येतं: संख्या अपुरी. त्याखाली गृहीतक हवं, निष्कर्षांचा तक्ता हवा. कुठल्या तरी प्रयोगशाळेच्या जर्नलचा फॉर्म जसाच्या तसा उचलून इतिहासाच्या गळ्यात बांधलाय, आणि विभागात कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

बरं, फॉर्म भरला. लगेच मशीनचा निरोप: इतरांच्या छापील मजकुराशी साधर्म्य 27 टक्के, मर्यादा 15. म्हणजे मी चोर! अहवाल उघडून पाहिला तर पिवळं केलेलं काय, तर मी अवतरणचिन्हांत दिलेली मूळ पत्रातली वाक्यं, अभिलेखागाराचं नाव आणि शेवटची संदर्भसूची. कधीच मरून गेलेल्या कारकुनाचं वाक्य दुसऱ्याही कुणी उद्धृत केलं असणारच ना? ते वाक्य माझ्या शब्दांत फिरवून लिहिलं की टक्केवारी खाली येते आणि पुरावा मात्र नासतो. संपादकीय कार्यालयाला मेल केली. उत्तर आलं: ‘कृपया 15 टक्क्यांच्या आत आणावे.’ मी काय विचारलंय आणि हे काय सांगतायत! शेवटी तीन उतारे काढून टाकले. ज्यांच्या जोरावर माझा मुद्दा उभा होता, नेमके तेच.

त्यानंतर शांतता. वर्ष उलटलं तरी स्थिती एकच, ‘परीक्षणाधीन’. विचारायला गेलं की दर वेळी एकच छापील उत्तर. निबंध दुसरीकडे पाठवायचीही सोय नाही, कारण एकाच वेळी दोन जर्नलांकडे पाठवणं गैर. तो नियम योग्यच आहे, माझी तक्रार नाही. पण मग तुम्ही माझा निबंध बांधून ठेवलात तर निदान तो वाचा तरी! भिजत घोंगडं ठेवायचं आणि वर शिस्त आम्हाला शिकवायची.

अभिप्राय आले ते वाचून डोक्यात तिडीकच गेली. पहिल्या परीक्षकाचं मत दोन ओळींचं: ‘विषय चांगला. भाषा सुधारावी.’ दुसऱ्याने लांबलचक लिहिलं होतं, पण त्यातला निम्मा मजकूर म्हणजे मी कुणाचे लेख वाचायला हवे होते त्याची यादी, आणि ती बघता बघता एकाच माणसाचं नाव वारंवार येतंय हे लक्षात आलं. गुप्त परीक्षण म्हणे! महाशयांनी सही करायचीच काय ती बाकी ठेवली होती. कागद मी नीट वाचलेत का, तारीख बरोबर लावलीय का, तो दावा फेटाळला की तडजोडीने मिटला, यावर दोघांपैकी एकानेही चकार शब्द काढला नाही.

आणि मग प्रूफ आलं. मूळ तळटीप होती: दप्तराचं नाव, खोका 12, पुडकं 4, पान 43, पाठ (म्हणजे पानाची मागची बाजू). प्रूफमध्ये काय उरलं? कंसात दप्तराचं नाव आणि साल. बस्स. खोका गेला, पुडकं गेलं, पान गेलं, पाठ तर गेलीच. का, तर ‘जर्नलच्या शैलीत तळटिपा बसत नाहीत’. अहो, त्या पानाच्या पुढच्या बाजूला वादीची तक्रार आहे आणि पाठीवर दुसऱ्या हस्ताक्षरात तिचा इन्कार आहे! उद्या कुणी हे तपासायला गेलं तर शेकडो पुडक्यांत कुठे शोधणार? दुसऱ्या माणसाला त्याच कागदापाशी जाऊन माझी चूक पकडता आली पाहिजे, या एका अटीवर तर सगळं इतिहाससंशोधन चालतं. ती अट तुम्ही ‘शैली’च्या नावाखाली छाटून टाकलीत.

जर्नल कशासाठी असतं याचाच विसर पडलाय. जर्मनीत 1859 मध्ये हाइनरिश फॉन झीबेलने ‘हिस्टोरिशे त्साइटश्रिफ्ट’ काढलं, 1886 मध्ये ‘इंग्लिश हिस्टॉरिकल रिव्ह्यू’ आलं, 1895 मध्ये ‘अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यू’. बढतीचे गुण वाटायला ही जर्नलं निघाली नव्हती. सापडलेला कागद लोकांसमोर यावा, पुस्तकांची जाणकारांनी झडती घ्यावी, वाद अंकामागून अंक रंगावा, यासाठी ती होती. 1929 मध्ये स्ट्रासबुर्ग विद्यापीठातल्या मार्क ब्लॉक आणि ल्युसिएँ फेव्र या दोन प्राध्यापकांनी ‘आनाल’ सुरू केलं आणि इतिहासात काय विचारायचं तेच बदलून टाकलं. राजांच्या लढायांच्या पलीकडे पिकं, किमती, समजुती हेही इतिहासाचे विषय झाले. एका नियतकालिकाच्या हातून एवढं होऊ शकतं. आणि आमच्याकडे संपादकीयात काय असतं? कुलगुरूंचे आभार.

कुणाला वाटेल, एवढ्या तळटिपांचं काय घेऊन बसलाय. मग मायकेल बेलेसाइल्स या अमेरिकन इतिहासकाराचं प्रकरण वाचा. 1996 मध्ये ‘जर्नल ऑफ अमेरिकन हिस्ट्री’सारख्या मातब्बर जर्नलने त्याचा निबंध छापला: सुरुवातीच्या अमेरिकेत बंदुका फार थोड्या लोकांकडे होत्या, आणि आधार काय, तर मृतांच्या मालमत्तेच्या याद्या. पुढे त्यावर पुस्तक झालं, 2001 मध्ये मानाचं बँक्रॉफ्ट पारितोषिकही मिळालं. मग लोक त्या याद्या शोधायला निघाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्या याद्या वाचल्याचं तो सांगत होता त्या 1906 च्या भूकंपात आणि आगीत नष्ट झाल्या होत्या. टिपणं दाखव म्हटलं तर ती पिवळ्या पॅडवर होती आणि ऑफिसात पाणी शिरून खराब झाली! म्हणजे मोठ्या जर्नलची चाळणीही फाटकी निघू शकते. पण पुढे काय झालं ते बघा. जानेवारी 2002 मध्ये ‘विल्यम अँड मेरी क्वार्टर्ली’ या दुसऱ्या इतिहास-जर्नलने टीकाकारांना आणि त्याला एकाच अंकात जागा दिली, आकडे उघड्यावर मांडले. त्याच वर्षी त्याला विद्यापीठातून राजीनामा द्यावा लागला आणि डिसेंबरात पारितोषिकही काढून घेतलं गेलं. आमच्या जर्नलात असा वाद छापायला जागाच नाही. गेल्या अंकातल्या एका लेखातल्या तारखेची चूक कळवली, तर उत्तर आलं की ‘पत्रव्यवहार’ हे सदर बंद केलंय. चूक तशीच पडून आहे. पुढचे दहाजण ती उचलणार आणि अकरावा म्हणणार, दहा ठिकाणी आलंय म्हणजे खरंच असणार.

मुखपृष्ठावर मात्र मिजास बघा! आयएसएसएन ठळक अक्षरात, जणू पदकच. तो निव्वळ आठ अंकी ओळख क्रमांक आहे हो, पाककृतींच्या मासिकालाही मिळतो. त्याखाली कुठल्या तरी संस्थेकडून आणलेला ‘इम्पॅक्ट फॅक्टर’. खऱ्या इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना या वर्षी किती उल्लेख मिळाले ते मोजतात. इतिहासात? इथे माझा निबंध परीक्षकाच्या टेबलावरून उठायलाच वर्ष लागतं, आणि चांगला लेख तीस-चाळीस वर्षांनीही कामाला येतो. कला आणि मानव्यविद्यांच्या सूचीतल्या जर्नलांना तर अधिकृत इम्पॅक्ट फॅक्टर 2023 पर्यंत मिळतच नव्हता. मग हे लोक त्याआधीपासून छापत होते तो कुणी दिला, देव जाणे.

जुने अंक? त्यांचे तर हाल बघवत नाहीत. 1995 मध्ये जेस्टोर, म्हणजे जर्नलांचे जुने अंक ऑनलाइन ठेवणारं भांडार, सुरू झालं तेव्हा पहिली दहा जर्नलं अर्थशास्त्राची आणि इतिहासाची होती. इतिहासाला मागचे अंक लागतातच. आमच्या जर्नलचे अंक वाकडे स्कॅन केलेले, शब्द शोधता येत नाही, पान 60 नंतर थेट 63. मधली पानं मागितली की ग्रंथालय विभागाकडे बोट दाखवतं आणि विभाग ग्रंथालयाकडे.

संपादकांचं एक मान्य करतो. त्या माणसाला या कामाचा छदाम मिळत नाही, तासिका कमी होत नाहीत, मदतनीस नाही. परीक्षकही फुकटच राबतात. म्हणून माझा खरा राग विद्यापीठावर आहे. प्रत्येकाकडून छापील निबंध मागायचे, त्यावर नोकऱ्या आणि बढत्या ठरवायच्या, आणि ते निबंध वाचणाऱ्यांना एक कारकूनही द्यायचा नाही. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय!

आणि यावर कडी म्हणजे काल त्याच जर्नलची मेल आली: आपली परीक्षक म्हणून निवड झाली आहे, सोबतच्या निबंधाचं परीक्षण दहा दिवसांत पाठवावे. विषय मध्ययुगीन सागरी व्यापार, ज्यातलं मला ओ की ठो कळत नाही. तसं कळवलंय, दोन योग्य माणसांची नावंही दिलीत. शिवाय स्पष्ट लिहिलंय, की लेखकाच्या तळटिपांना हात लावू नका, आणि माझ्याही 43 व्या पानाची पाठ मला परत द्या. उत्तर नाही.